कच्चं रेखाटन

शहापूरच्या घरात माडीवर भिंतीला ब्राउन पेपर चिकटवलाय. तीन आठवडे त्यावर खांदेरी चाललीय, मुंबईजवळच्या त्या बेटावरून मराठे आणि इंग्रजांत झालेली १६७९ ची लढाई. रंग अजून उघडले नाहीत.

मला धीर देतो तो सतराव्या शतकातला डच चित्रकार, थोरला विलेम व्हॅन द वेल्डे. डच आरमारासोबत छोट्या नावेतून जायचा आणि लढाई समोर पेटलेली असताना कागदावर उतरवायचा. १६६६ ची चार दिवसांची लढाई त्याने अशीच टिपली. पेन्सिलीची घाईची रेघ, वर करड्या शाईचा पातळ हात. काही चित्रांत स्वतःची नावही आहे. पुढे बापलेक इंग्लंडला गेले. १६७४ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने दोघांना वर्षाला १००-१०० पौंड लावून दिले: बापाने सागरी लढायांची रेखाटनं करायची, मुलाने ती रंगवायची. नुसत्या रेखाटनाला मुलाच्या रंगांइतकाच पगार! हे वाचून मला फार बरं वाटलं.

माझी अडचण पाण्याची. बेळगावात वाढलेल्या माणसाला पाऊस कळतो, लाट नाही. म्हणून मागच्या रविवारी आंबोलीवरून वेंगुर्ल्याला गेलो, बंदरावर बसून होड्या काढल्या. होडी पाण्यावर नसते, पाण्यात असते. तिचा निम्मा बांधा दिसतच नाही. घरी येऊन सगळी गलबतं खोडली.

आता ती खाली बसलीत. मराठ्यांनी पकडलेली इंग्रजांची ‘डोव्हर’ ही गुराब (शिडांचं लढाऊ जहाज) मधोमध घेतलीय, भोवती वल्ह्यांची गर्दी. शिडांच्या दोऱ्या अजून चुकतायत. हिने जेवायला दोनदा हाक मारली, पण एक डोलकाठी राहिलीय.