हुरडाचोराच्या गावी

आमच्या सोलापूरकडच्या शेतात ज्वारी हुरड्याला आली की पिवळ्या पाखरांचे थवे उतरतात. काळ्या डोक्याचा भारीट. त्यांच्यामागे अण्णा गोफण घेऊन, मी दुर्बीण घेऊन. उन्हाळा लागला की ही पाखरं निघून जातात. त्यांचं दुसरं घर बघायला मी मे महिन्यात ग्रीसच्या लेस्व्होस बेटावर गेलो.

शेंगेन व्हिसा, 30,000 युरोंचा विमा, अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराहून रात्रभराची बोट, सगळं बिनबोभाट पार पडलं. अडलो मितिलिनीत, म्हणजे बेटावरच्या मुख्य शहरात, भाड्याची गाडी घेताना. आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढायचंच राहिलं होतं! चूक सर्वस्वी माझी. मग बसने कॅलोनी, सुमारे 40 किलोमीटर. तिथून टॅक्सीने स्काला कॅलोनीचं बंदर आणि पुढे चार दिवस सायकल. मिठागराच्या कडेने हळूहळू जायला तीच बरी. रोहित, शेकाट्या, उचाट्या ही पाणपक्ष्यांची मंडळी तर आपल्याही ओळखीची. याच कॅलोनीच्या आखाताकाठी अ‍ॅरिस्टॉटलने मासे, शिंपले न्याहाळले होते.

बंदरातली सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीची चुलत बहीण, फार नावाजलेली. ताजी मासळी होडीतच मिठात घालतात आणि काही तासांत, न शिजवता, साल सोलून खातात. पण तिचा खरा हंगाम जुलै-ऑगस्ट. पक्षी हवे असतील तर मे, मासे हवे असतील तर ऑगस्ट. दोन्ही साधत नाही. मला मुरवलेली मिळाली. सोबत ऊझो: पाणी घातलं की दुधाळ होणारी, बडीशेपेच्या वासाची दारू. खारट मासळीवर तिचा घोट मस्तच लागतो. एक सांगून ठेवतो, ताजा मोठा मासा तिथे किलोवर विकतात. आधी वजन करून भाव विचारा. मी विचारला नाही, आणि त्या रात्रीचं बिल घरी अजून सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाच्या तारेवर तो दिसला. आपल्याकडे हिवाळ्यात नराच्या डोक्यावरचा काळा रंग पिसांच्या फिकट कडांखाली दडलेला असतो. त्या कडा झिजून इथे डोकं काळंकुळकुळीत झालं होतं, छाती हळदीसारखी पिवळी. आणि पठ्ठ्या गात होता! आमच्या शेतात त्याचं गाणं मी कधीच ऐकलं नव्हतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून अण्णांना पाठवलं.

दहा मिनिटांत फोन आला. "खायाचं आमचं आन् गायाचं तिकडं, व्हय रं?"