मंगळदास मार्केट: कात्री लागण्याआधी टेप काढा

२६० रुपये मीटरने पाच मीटर, चिठ्ठीवर १३०० रुपये. घरी फरशीवर पसरून मोजलं तर कापड भरलं ४ मीटर ५७ सेंटिमीटर. हा आकडा योगायोगाचा नाही. एक गज म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर आणि पाच गज म्हणजे ४५७. मोजलं गजाने, पैसे लावले मीटरचे. ४३ सेंटिमीटर गेले, म्हणजे जवळजवळ ११२ रुपये. पैशाचं एक वेळ सोडा, पण तेवढ्या कापडात कोपरापर्यंतच्या दोन बाह्या निघतात. त्या नसल्या की शिंपी विचारतो, "स्लीव्हलेस करू का?"

म्हणून मुंबईच्या मंगळदास या कापडबाजारात जाणाऱ्यांसाठी हे सविस्तर. काय घालावं, कुठला रंग सध्या चालतोय हे ज्याचं त्याने बघावं. इथे फक्त कापड आणि त्याचं माप.

जायचं कसं, ते थोडक्यात. सीएसएमटीला उतरून डी. एन. रोडने सरळ उत्तरेला क्रॉफर्ड मार्केट, तिथून शेख मेमन स्ट्रीट. चालत दहा-बारा मिनिटं. पश्चिम रेल्वेवाल्यांनी मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीट धरावा. मेट्रो तीनचं काळबादेवी स्टेशन आता झालंय, तिथूनही थोडं चालावंच लागतं. टॅक्सी मात्र आत न्यायची नाही. पोलीस आयुक्तालयासमोर सोडा आणि चाला. शेख मेमन स्ट्रीटवर हातगाडीच सगळ्यांच्या पुढे असते, मागून "साइड, साइड" ऐकू आलं की विचार न करता भिंतीला चिकटा. रविवारी मार्केट बंद. शुक्रवारी दुपारी जुमा मशिदीच्या नमाजाच्या वेळी हा रस्ता पूर्ण भरतो, त्यामुळे शुक्रवारी जायचंच असेल तर अकराला आत आणि साडेबाराच्या आत एक तर बाहेर नाही तर मार्केटच्या पोटात. सँडल बंद आणि पिशवी खांद्यावर तिरकी, हे सांगायला नको.

शेजारचं मूळजी जेठा मार्केट ठोकवाल्यांचं. ब्लाऊजच्या एका तुकड्यासाठी तिथे जाऊन गादीवरच्या शेठचा आणि आपला वेळ घालवू नका.

आता माप. पहिली गोष्ट भाव नाही, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. "क्या भाव?" विचारण्याआधी "पन्ना कितना?" विचारा. ३६ इंच, ४४ इंच आणि ५८ इंच हे नेहमीचे पन्हे, आणि भाव नेहमी लांबीच्या मीटरचा सांगतात. ४४ पन्ह्याचं कापड १५० रुपये आणि ५८ पन्ह्याचं १८०, तर स्वस्त कुठलं? ५८चं. १५०च्या भावाने तेवढ्याच रुंदीचं कापड १९८ रुपयांना पडलं असतं. शिवाय "चव्वालीस" म्हणून सांगितलेला पन्हा टेप लावल्यावर ४२ निघतो, आणि त्यातही काठाचा अर्धा-अर्धा इंच सुयांच्या भोकांचा, म्हणजे शिवणीत जाणारा. ४४ पन्ह्यात ब्लाऊजला ८० सेंटिमीटर पुरतात. ३६ पन्ह्याच्या टू बाय टू रुबियात, म्हणजे ब्लाऊजच्या नेहमीच्या सुती कापडात, पूर्ण मीटर लागतो. लांब बाही किंवा वाटीच्या आकाराची कटोरी असेल तर दोन्ही पन्ह्यांत वीस सेंटिमीटर जास्त घ्या, कारण कटोरीचे तुकडे उरेब, म्हणजे तिरके, कापले जातात आणि उरेबात कापड वाया जातं. गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याला ४४ पन्ह्यात अडीच मीटर. सुती असेल तर वर दहा सेंटिमीटर आटण्याचे.

दुसरी गोष्ट मीटरपट्टी. खरी पट्टी १०० सेंटिमीटरची असते आणि तिच्यावर वैधमापन खात्याची मोहोर असते. पट्टी हातात मागा. देत नसतील तर पुढचं दुकान, या मार्केटात पुढचं दुकान चार पावलांवर असतं. पट्टी बरोबर असली तरी माप हातात असतं. कापडाचं टोक अंगठ्याखाली धरून पट्टीवरून ओढत नेतात आणि दर मीटरला अंगठा पुन्हा टेकवतात. तो दर वेळी दोन सेंटिमीटर अलीकडे टेकला की पाच मीटरमागे आठ-दहा सेंटिमीटर गेले. बघताना मात्र हात झपझप चाललेला दिसतो, आकडा मोठ्याने ऐकू येतो आणि सगळं ठीक वाटतं. क्रेप, जॉर्जेट, लायक्रा ओढून मोजलं तर ते पट्टीवर ताणलेलं असतं आणि पिशवीत गेल्यावर मूळ लांबीला येतं. त्यामुळे "टेबल पे रख के, बिना खींचे" असं म्हणा. चिडले तर चिडू देत.

आपला टेप १५० सेंटिमीटरचा, फायबरग्लासचा. शिवणाच्या डब्यातला जुना कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून लांब झालेला असतो. घरी एकदा ए-फोर कागदाच्या लांब बाजूला लावून बघा, २९.७ सेंटिमीटर यायला हवेत. कमी दाखवत असेल तर टाकून द्या. असा टेप नेलात तर दुकानदाराशी भांडून हराल, आणि ते योग्यच असेल. मोजायचं कात्री लागण्याआधी. कापलेलं कापड कोणीही परत घेत नाही आणि त्यात दुकानदाराचं फारसं चुकतही नाही.

सुती कापड फाडून देत असतील तर उत्तम. काठाला छोटी चीर देऊन टर्रकन फाडलं की फाट आडव्या धाग्यावरून सरळ जाते. कात्रीने अंदाजे कापलेला तुकडा तिरका असतो आणि शिंप्याकडे तो सरळ करताना तीन-चार सेंटिमीटर जातात. सॅटिन, जॉर्जेट फाडता येत नाही, तिथे काठाशी काटकोन धरून कापायला सांगा. ताका, म्हणजे कापडाची अख्खी गुंडाळी, उलगडताना काठावर लहानसा रंगीत दोरा किंवा स्टिकर दिसला तर त्या ओळीत विणीचा किंवा छपाईचा दोष असतो. तपासणीत लावलेली ती खूण असते, सजावट नाही. तेवढा भाग सोडून द्यायला सांगा. कटपीसच्या ढिगात तर दोन मीटर वीसचा तुकडा "ढाई" म्हणून सर्रास निघतो.

रंगाबद्दल एकच सांगणं: साडी बरोबर न्या. फोटो नको. मोबाइलचा कॅमेरा वाइन रंगाला मरून करतो आणि राणी कलरला गुलाबी. मार्केट वरून झाकलेलं आहे, आत पांढरे एलईडी, आणि त्या उजेडात जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडू शकतात. दुकानदाराला विचारून ताक्याचं टोक आणि साडीचा पदर गल्लीच्या तोंडाशी, दिवसाउजेडी धरून बघा. रुबियाच्या शेडला नंबर असतो, तो बिलावर लिहून घ्या. मात्र पुढच्या वेळी त्याच नंबरचा दुसरा घाणा, म्हणजे रंगवलेली दुसरी खेप, किंचित वेगळा येतो, तेव्हा बाह्यांचं कापड नंतर आणू असं कधीच करू नका. आणि हे सगळं दुपारी दोनच्या आत. पाचव्या गल्लीनंतर डोळ्यांना मोरपंखी, रामा आणि बॉटल ग्रीन सारखेच दिसायला लागतात. त्यानंतर घेतलेला प्रत्येक तुकडा कपाटात तसाच पडून राहतो.

"प्युअर" हा शब्द इथे कापडाचं नाव नसून दुकानदाराच्या बोलण्याची लकब आहे. प्युअर चंदेरी, प्युअर मोडाल, प्युअर सिल्क, सगळंच प्युअर. तपासायचं तर काठाजवळून एक उभा आणि एक आडवा धागा काढा. दोन्ही हवेत, कारण उभा पॉलिएस्टर आणि आडवा रेशमी हा नेहमीचा प्रकार. मधोमध जिभेने ओला करून ओढा. रेयॉन ओल्या जागीच तुटतो, सुती तुटला तर शक्यतो कोरड्या भागात. हे उभ्या उभ्या होतं. जाळून बघायची परीक्षा घरी, वाटीत. कापडाच्या बंदिस्त मार्केटात काडी ओढायची नाही, कोणी म्हटलं तरी. रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. सुती आणि रेयॉन दोन्ही जळलेल्या कागदासारखे, म्हणून त्या दोघांसाठी ओल्या धाग्याचीच परीक्षा खरी. महाग कापड असेल तर आधी दहा सेंटिमीटर विकत घ्या आणि दुसऱ्या फेरीला ठरवा. खणाचंही हेच. गुळेदगुड्डचा विणलेला खण आणि पॉलिएस्टरवर खणाची नक्षी छापलेलं कापड शेजारी शेजारी ठेवलेलं असतं. उलट बाजू बघा: विणीची नक्षी मागे धाग्यांत दिसते, छापलेली मागे फिकट किंवा कोरी.

अस्तर विसरून परत यायचं आणि मग घराजवळच्या मॅचिंग सेंटरमध्ये मिळेल ते घ्यायचं, ही नेहमीची चूक. मुंबईच्या घामात पॉलिएस्टरचं अस्तर म्हणजे शिक्षा, सुती कॅम्ब्रिकच घ्या. शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा, इस्त्री करा. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही आणि पाठीवर फुगे येतात. उसवून पुन्हा शिवण्याशिवाय त्याला उपाय नाही. साडीच्या सुती फॉलचंही तेच: भिजवला नाही तर निऱ्यांच्या खाली काठ चुरगळून वर चढतो. मरून, काळं, गडद निळं अस्तर रंग सोडतं, म्हणून स्वच्छ पाणी येईपर्यंत खळबळायचं. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं सगळ्यांच्या घरात सांगतात. होत नाही. जो जादा रंग निघायचा तो नुसत्या पाण्यानेही निघतो.

लेस भुलेश्वरला. निवड अफाट, रस्ता अरुंद, बाकी सांगण्यासारखं काही नाही. ओढणीच्या चारही बाजूंना लावायची तर अडीच मीटरच्या ओढणीला साधारण सात मीटर लागते. लेसचा रोल बऱ्याचदा नऊ मीटरचा असतो, तोच घ्या, उरलेल्या दोन मीटरमध्ये बाह्यांचे काठ होतात. सुट्या मीटरने रोलपेक्षा भाव बराच वर लावतात. क्रोशाची सुती लेस असेल तर तीही भिजवायची.

परतीच्या वाटेवर क्रॉफर्ड मार्केट लागतं. १८६९ची इमारत आहे, दरवाज्यावरचं शिल्प मान वर करून बघा, आणि सौंदर्यप्रसाधनांच्या गाळ्यांपाशी मान खाली घालून छोटी अक्षरं वाचा. परदेशी बनावटीच्या लिपस्टिकवर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात नोंदणीचा क्रमांक असलाच पाहिजे. नसेल तर ती एक तर चोरवाटेने आली आहे किंवा बनावट आहे, आणि ओठांवर दोन्ही नकोत. देशी मालावर परवाना क्रमांक, बॅच आणि वापराची मुदत असते. डब्यावरची बॅच आणि आतल्या नळीवरची बॅच जुळते का ते बघा, डबा एक आणि माल दुसरा हा प्रकार असतो. काजळ आणि डोळ्यांचं काहीही इथून घेऊ नका, स्वस्त असलं तरी. टिकल्या, पिना, केसांचे चाप खुशाल घ्या.

शिंप्याला कापड देताना कागदावर मापं लिहून द्या: छाती, कंबर, मुंढा, दंडघेर, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, किती ठेवायची तेही लिहा, प्रत्येक बाजूला एक इंच तरी. कापड कमी आलं की शिंपी सगळ्यात आधी माया खातो, आणि ते सहा महिन्यांनी ब्लाऊज सैल करायला गेल्यावर कळतं.

साडेचारच्या आत सीएसएमटी गाठा. सहाच्या गर्दीत दोन कापडी पिशव्या घेऊन बायकांच्या डब्यातही उभं राहता येत नाही.

आणि बिल. दुकानदार विचारेल, "पक्का चाहिए तो टॅक्स लगेगा." लागू दे, कापडावर ५ टक्के जीएसटी आहे. दुकानाचं नाव, जीएसटी क्रमांक, मीटर आणि दर लिहिलेलं बिल हातात असेल तरच माप कमी भरल्यावर परत जाता येतं किंवा ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर बोलता येतं. वरच्या १३०० रुपयांची जी चिठ्ठी मिळाली होती, तिच्या डोक्यावर "एस्टिमेट" एवढंच छापलेलं होतं.