तिथीची पाऊणपट

माघ शुद्ध एकादशी, रात्र

उद्या द्वादशी, ऐरोलीहून ठाणे खाडीत बोटीने रोहित (फ्लेमिंगो) बघायला जायचं. 12ची पाऊणपट 9. म्हणजे पूर्ण भरती सकाळी 9च्या सुमारास. कोळीवाड्यात हा हिशोब पाढ्यासारखा तोंडपाठ असतो: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ हातात येते. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. पाऊणच का, तर चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतोच, म्हणून मुंबईच्या अपोलो बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टकही बघून ठेवावं. ऐरोलीसाठी त्यात थोडी भर घालायची, कारण बंदरातलं पाणी खाडीत इतकं आत यायला वेळ घेतं.

सुट्टीचा वार बघून बोट ठरवणारे इथेच फसतात. पौर्णिमेला खाडी भरून वाहील, मग पहाटेच जाऊ, असं वाटतं. पण उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी 12च्या आसपास असते आणि सकाळी 6ला ठणठणीत ओहोटी. उधाणाला पाण्याच्या उंचीत 4 मीटरचा फरक सहज पडतो. त्या वेळी खाडी म्हणजे मधोमध एक पन्हळ आणि दोन्हीकडे नुसता चिखल. अष्टमीला उलटं: भरती सकाळी 6 आणि संध्याकाळी 6, भर दुपारी ओहोटी, आणि पाणी भांगाचं, म्हणजे चढउतार बेताचा. सकाळच्या फेरीला सगळ्यात सोयीच्या तिथ्या द्वादशी आणि त्रयोदशी. शुद्ध असो वा वद्य, फरक नाही.

द्वादशी, सकाळ

ऐरोलीला कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, बोटी तिथून सुटतात. ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या मधला पट्टा 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. क्षेत्र जेमतेम 17 चौरस किलोमीटर, त्यातलं निम्म्याहून जास्त कांदळवन.

बोट 8ला, भरती चढत असताना. यामागे दोन कारणं आहेत. पहिलं पक्ष्यांचं. रोहित चिखलात चोच उलटी घालून शेवाळ गाळतो, त्यामुळे पाण्याच्या कडेलाच उभा असतो. ओहोटीत ती कडा लांब जाते आणि थवा म्हणजे क्षितिजावरची गुलाबी रेघ. पाणी चढू लागलं की चिखल आक्रसतो, पक्षी आटोपशीर जागेत गोळा होतात. पूर्ण भरतीला चिखलच बुडतो आणि ते उठून जातात. मधला तास-दीड तास काय तो आपला.

दुसरं कारण बोटीचं, आणि ते जास्त महत्त्वाचं. चढत्या पाण्यात बोट गाळात रुतली तर दहा मिनिटांत पाणीच तिला उचलतं. उतरत्या पाण्यात रुतली तर हिशोब कडू आहे: भरतीनंतर 2 तासांनी अडकलात, तर तेवढंच पाणी परत यायला 8 तासांहून जास्त. उतरून ढकलायचा विचारही करू नये, ठाणे खाडीचा गाळ माणसाला मांडीपर्यंत गिळतो.

इंजिनाकडे लक्ष ठेवावं. बाहेर टांगलेल्या इंजिनाच्या मागून पिचकारीसारखी बारीक धार सतत पडत असते. ते थंड करणारं पाणी. धार बारीक झाली किंवा थांबली, की आत गाळ नाहीतर प्लास्टिकची पिशवी अडकली. लगेच बंद केलं नाही तर इंजिन तापून बसतं. पंख्याला पिशवी गुंडाळली तर आवाज चढतो पण बोट पुढे जात नाही. इंजिन वर घेऊन ती कापून काढायची, एवढाच उपाय. आपण खाडीत काय काय टाकतो, ते पंखा दाखवतो.

उजेडाचंही गणित आहे. ऐरोली पूर्व काठावर, त्यामुळे सकाळी पश्चिमेकडे बघताना सूर्य पाठीशी आणि रंग खरा दिसतो. संध्याकाळी त्याच जागेवरून नुसत्या सावल्या. दुर्बीण 8 पटीची पुरे. 10 पटीची हलत्या बोटीत इतकी थरथरते की शेकाट्या आहे की कुरव, तेही कळत नाही. थवा दिसला की सगळे एका बाजूला धावतात, तिथे बोट कलते. बसूनच बघावं. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळावेत, सैल जॅकेट पाण्यात गळ्यातून वर निघतं. इंजिन लांबूनच मंद करायला सांगावं. पक्ष्यांनी माना एकदम वर केल्या म्हणजे आपण फार जवळ आलो.

परतताना तिवरांच्या काठाने आलं तर निवट्या दिसतात, चिखलावर टुणटुण उड्या मारणारे मासे. वासाची तक्रार करू नये. ऑक्सिजन नसलेल्या गाळातले जिवाणू त्या वासाचा वायू सोडतात, तो खाडीचा स्वभाव आहे.

द्वादशी, संध्याकाळ

ठाण्याची तलावपाळी. इथल्या मासुंदा तलावाला तिथी लागत नाही, पाणी जिथल्या तिथे. इथे बघायचा तो वारा. पायडल बोटीचं सुकाणू बोट चालत असेल तरच ऐकतं; थांबून दांडा फिरवत बसलं तर ती वळतच नाही. जड माणूस एकीकडे आणि पोर दुसरीकडे असेल तर बोट सारखी एका बाजूला ओढते, मग दांडा उलट दिशेला थोडा धरूनच ठेवावा लागतो. हंसाच्या मानेची बोट मुलांना हवी असते, पण ती मान शिडासारखी वारा पकडते. म्हणून आधी वाऱ्याविरुद्ध जायचं, पाय ताजे असताना, आणि परतताना त्याच्यावर सोडून द्यायचं. उलटं केलं की अर्ध्या तासाची वेळ संपते तेव्हा आपण नेमके पलीकडच्या काठाला. दिवे लागायच्या सुमारास वारा पडतो. रांगही तेव्हाच सगळ्यात लांब असते.