पाठदुखीचं निमित्त

बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) आणि मनोविकार संस्था दोन्ही आहेत, याचा मला फार उपयोग झाला. कुठे निघालास विचारलं की ‘गोमेकॉत, पाठ दाखवायला’ म्हणायचं आणि जायचं मनोविकार संस्थेत. अग्निशामक दलातल्या माणसाची पाठदुखी सगळ्यांना पटते.

एका घराच्या आगीचा कॉल होता. आतल्या खोलीत एक आजी दाराला टेकून बसलेल्या सापडल्या. पुढचं इथे नको. त्यानंतर मी ड्युटी नेहमीसारखीच केली, पण रात्री झोप मोडायची, घरात कुणी दार आपटलं की मी खेकसायचो, आणि वाड्यावर काजूबिया भाजायला लागले की त्या उग्र धुराने हातपाय गार पडायचे. आईने दृष्ट काढली. तीही मिरच्या जाळूनच!

शेवटी बायकोने टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन लावून माझ्या हातात दिला. तिथून ओपीडीत. डॉक्टर म्हणाले, असं काही बघितल्यावर पहिले काही दिवस कुणालाही त्रास होतो. महिना उलटूनही हटत नसेल तर उपचार घ्यायचे. सर्ट्रालिन ही नैराश्य आणि अशा धक्क्यानंतरच्या त्रासावरची गोळी सुरू झाली. गुण यायला काही आठवडे गेले, मळमळ मात्र लगेच आली.

खरं काम समुपदेशनात झालं. मॅडम सांगायच्या, डोळे मिटा आणि आता घडतंय असं बोला. ‘मी दारासमोर आहे. हेल्मेटवरून पाणी गळतंय...’ हे मोबाईलवर रेकॉर्ड करून घरी रोज ऐकायचं. विसरायला गेलेल्या माणसाला हा काय जाच, असं वाटायचं. पण पुन्हा पुन्हा सांगताना एक गोष्ट हाती लागली. मी दाराशी थांबलो, म्हणून आजी गेल्या, हे मी मनात धरून बसलो होतो. ते थांबणं म्हणजे ग्लोव्ह काढून हाताच्या मागच्या बाजूने दार किती तापलंय ते बघणं होतं. ट्रेनिंगमध्ये शिकवतात तेच. त्या दिवशी मी तिथेच रडलो.

पुढे एकदा रेकॉर्डिंग ऐकताना चक्क जांभई आली. मॅडमना सांगितलं तर त्या खूश! त्या आठवणीची भीती ओसरत होती ना.

मग काजूच्या भट्टीजवळ उभं राहायचा गृहपाठ. तो अजून जड जातो, पण आता मी तिथून पळत नाही.

गोळी चालू आहे. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने सोडायची नाही, डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. रात्रपाळी असेल तर गोळी कधी घ्यायची, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.