तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्वॉट (वजन घेऊन मारायच्या बैठका) मारून मुलीच्या मांड्या जाड होतात का?

खो-खो, कबड्डी, ॲथलेटिक्सच्या मैदानावर आणि हल्ली पोलीस भरतीच्या ॲकॅडमीतही हा प्रश्न हमखास येतो. कधी मुलगी स्वतः विचारते, कधी आई बाजूला घेऊन विचारते: "ताई, हे वजनाचे स्क्वॉट बंद केले तर चालेल का? मांड्या फार भरल्यात हिच्या, जीन्स चढेना."

मांड्या भरतात, पण वाटतं त्यापेक्षा पुष्कळ कमी. पहिल्या महिन्यात जो फरक दिसतो तो तर बहुतांशी स्नायूंचा नसतोच. खरं नुकसान होतं ते या भीतीपोटी मुलगी अर्धा डबा परत आणायला लागते तेव्हा. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी मांडीचा हिशोब करू. मध्यावर घेर 52 सेंटीमीटर धरा. तिथल्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ साधारण 215 चौरस सेंटीमीटर भरतं. त्यातला स्नायू 120 धरा, बाकी चरबी, हाड, कातडी. दोन-तीन महिने नेमाने वजनं उचलून स्नायू आठ टक्क्यांनी वाढला, तर छेदात साडेनऊ चौरस सेंटीमीटरची भर पडते आणि घेर होतो सुमारे 53.1. म्हणजे एवढ्या मेहनतीनंतर वाढ एक सेंटीमीटर आणि वर थोडी. त्याच काळात कातडीखालची चरबी जराशी उतरली, तर टेप होता तिथेच राहतो.

मग जीन्स का चढत नाही? व्यायाम करताना स्नायूंकडे रक्त आणि पाणी ओढलं जातं, त्यामुळे तास-दोन तास पाय फुगलेले राहतात. नवा व्यायाम सुरू केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात. तो दुखरेपणा असतो तोवर थोडी सूजही असते. सराव वाढला की स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे इंधनासाठी ठेवलेली साखर, जास्त साठवतात, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. पाळीच्या आधी अंगात पाणी साचतं ते वेगळंच. चौदा-पंधराच्या मुलीत तर इस्ट्रोजेन या हॉर्मोनमुळे मांड्या आणि नितंबांवर चरबी धरायचं वयच असतं. ती मैदानावर आली नसती तरी या वयात जुनी जीन्स तिला घट्टच झाली असती. पण सराव आणि वयात येणं एकाच वर्षी घडतं, आणि सगळं खापर स्क्वॉटवर फुटतं.

मोजायचंच असेल तर नीट मोजा. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून 15 सेंटीमीटर वर पेनाने खूण करा. सकाळी, व्यायामाआधी, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहा. टेप कातडीला टेकेल पण रुतणार नाही इतपत धरा. तीनदा मोजून सरासरी घ्या. हे महिन्यातून एकदाच, आणि पाळीच्या चक्रातल्या त्याच सुमाराच्या दिवसांत. रोज मोजणाऱ्या मुलीला फक्त पाण्याचा चढउतार दिसतो. मुळात ज्या मुलीला आकड्यांनी चैन पडत नाही, तिच्या हातात टेप देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोटोवरून तर अजिबात ठरवू नका. बाकावर बसलं की कोणाचीही मांडी पसरते. मोबाइल जमिनीलगत धरून, जवळून काढलेल्या फोटोत पाय असतात त्यापेक्षा मोठे येतात.

आता आकाराबद्दल. पोटरी कुठे संपते आणि टाचेचा स्नायुबंध कुठे सुरू होतो हे आईबापाकडून येतं. काहींची पोटरी वर, गुडघ्याजवळ गोळा होते, काहींची घोट्यापर्यंत उतरते. स्ट्रेचिंग करून ती लांब होत नाही, मालिश करून बारीक होत नाही. मांडीवर प्लास्टिक किंवा पट्टा गुंडाळून पळणाऱ्या मुली दिसतात, त्याने फक्त घाम जातो आणि तो पाणी प्यायलं की भरून निघतो. एकाच जागेची चरबी त्या जागेच्या व्यायामाने उतरत नाही. टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजले, तेव्हा खेळणाऱ्या हाताचा स्नायू मोठा निघाला, पण कातडीखालच्या चरबीची जाडी दोन्ही हातांवर सारखीच होती.

आकारावरून ताकद ओळखता येते, हाही भ्रम. साताऱ्याच्या ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. त्या शर्यतीत 28 अडथळे आणि पाण्यावरच्या 7 उड्या असतात. अशा लांब पल्ल्याच्या शर्यतीचे पाय सडपातळ असतात. शंभर मीटरवाल्या मुलीला पहिल्या काही पावलांत जमीन मागे ढकलायची असते, तिची मांडी आणि नितंब भरलेलेच असणार. दोघींचे पाय आपापल्या कामाला योग्य आहेत.

सगळ्यात उलटं काय होतं ते सांगते. "वजन नको, त्यापेक्षा रोज दोनशे बैठका मारते, त्याने पाय बारीक होतील" हा सल्ला सर्रास दिला जातो. स्नायू वाढतो तो एकूण कामाने आणि थकव्याच्या जवळ गेल्याने. हलकं वजन घेऊन पाय थरथरेपर्यंत मारलेल्या बैठकांनीही तो जड वजनाइतकाच वाढू शकतो. वर रोज तेच केल्याने गुडघ्याच्या वाटीच्या खाली आणि भोवती दुखायला लागतं. म्हणजे मांडी बारीक झाली नाहीच, गुडघाही गेला.

ताकद हवी आणि आकार शक्यतो नको, असं ज्यांचं खरोखर म्हणणं आहे, उदाहरणार्थ लांब पल्ल्याच्या मुली, त्यांनी कमी पण जड काम करावं. आठवड्यातून दोन दिवस, स्क्वॉटचे 3 सेट, प्रत्येकी 4 ते 6 वेळा, मध्ये 2 ते 3 मिनिटं विश्रांती. सेट संपला तेव्हा अजून दोन वेळा जमलं असतं, इतपत वजन. त्या आधी महिनाभर छातीशी डंबेल धरून पद्धत बसवायची: टाचा जमिनीवर, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने, पाठ सरळ. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूला जास्त चांगलं कामाला लावतात म्हणून. आकार मागून येतो, तोही बायकांमध्ये हळू. स्नायू वाढवणारं हॉर्मोन टेस्टोस्टेरॉन बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण पंधराव्या हिश्श्याएवढं, कधी त्याहूनही कमी. सोशल मीडियावर दिसतात तसे पाय व्हायला अनेक वर्षं त्यासाठीच आखलेला व्यायाम आणि आहार लागतो, काही ठिकाणी औषधंही असतात. चुकून कोणी तसं होत नाही. आणि नकोच वाटलं तर व्यायाम सोडल्यावर दोन-तीन महिन्यांत आकार बऱ्यापैकी ओसरतो. म्हणजे घाबरून आजच बंद करण्यासारखं त्यात काही नाही.

बंद केलं तर काय जातं, तेही बघा. कबड्डीत पकड सोडवताना, खो-खोत खांबाला वळताना, पळता पळता अचानक थांबताना गुडघा आत पडतो आणि एसीएल, म्हणजे गुडघा आतून बांधून ठेवणारा अस्थिबंध, तुटतो. दिशा बदलण्याच्या आणि उड्यांच्या खेळांत मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते. मांडीच्या मागचे आणि नितंबाचे स्नायू मजबूत असले आणि उतरायची पद्धत शिकवलेली असली, तर धोका बराच कमी होतो. शस्त्रक्रिया झाल्यावर मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष जातं. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी हे कराच: हॅमस्ट्रिंगसाठी (मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी) नॉर्डिक, म्हणजे गुडघ्यावर बसून, कोणीतरी घोटे धरून, हळूहळू पुढे झुकणं, सुरुवातीला 2 सेट 4 वेळा. मग एका पायावरचा स्क्वॉट, पायांना रबर बँड लावून बाजूला चालणं, आणि फूटभर उंचीवरून उडी मारून आवाज न करता दोन्ही पायांवर उतरणं. उतरताना गुडघे एकमेकांना भेटायला गेले, तर उंची कमी करा.

आता जेवण. मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घेणार आहे.

पन्नास किलोची मुलगी घ्या. त्यातली दहा किलो चरबी वगळली तर राहिले चाळीस. शरीराची रोजची कामं, म्हणजे पाळी, हाडं, रक्त, झोप, नीट चालायला दर किलोमागे साधारण 45 कॅलरी लागतात. झाल्या 1800. सरावाला 500 गेल्या. म्हणजे दिवसाला 2300 पोटात जायला हव्यात. किलोमागे 30 च्या खाली गेलं की शरीर काटकसर सुरू करतं. या मुलीच्या बाबतीत ती पातळी आहे 1700. ही रेघ प्रत्येकीची थोडी वेगळी असते, पण सकाळी फक्त चहा, डब्यातली एकच पोळी आणि रात्री "भूक नाही" म्हणणारी मुलगी तिच्या खाली सहज जाते. काटकसर पहिली होते पाळीत, मग हाडांत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला रेड-एस हे नाव दिलं. ती मुलांमध्येही होते. अमेरिकेची धावपटू मेरी केन हिने 2019 मध्ये जाहीर सांगितलं की वजन उतरवण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली. हाडांची बहुतेक भर विशीच्या आधीच पडते. ती वर्षं मांडी बारीक करण्यात घालवली तर नंतर भरपाई अवघड.

ताटात काय असावं? प्रथिनं वजनाच्या दर किलोला 1.2 ते 2 ग्रॅम, म्हणजे या मुलीला 60 ते 100 ग्रॅम. एका अंड्यात 6, मोठ्या ग्लासभर दुधात 8, मूठभर शेंगदाण्यांत 7, शंभर ग्रॅम पनीरमध्ये 18. उसळ, डाळ, दही धरलं तर साध्या घरातही हे जमतं, मात्र रोज आणि तिन्ही वेळा. पावडरच्या डब्यापेक्षा दोन अंडी आणि वाटीभर मटकी स्वस्त पडते. भात-भाकरी तोडू नका, सरावाचं इंधन तेच आहे. सराव संपल्यावर तासाभरात केळं आणि दूध किंवा गूळ-शेंगदाणे. चहा जेवणाला लागून नको, अन्नातलं लोह अंगी लागत नाही. उसळीवर लिंबू मात्र जरूर पिळा. नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास करून सकाळ-संध्याकाळ सराव करणाऱ्या मुली असतात. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण कोचने त्या दिवसांत वजनं आणि वेगाचं काम काढून टाकावं.

पाळीची तारीख डायरीत सरावाशेजारीच लिहा. "पळणाऱ्या मुलींची पाळी जातेच" हे चूक आहे. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही सुरू झाली नसेल, किंवा सुरू असलेली तीन महिने आली नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि सराव व जेवण दोन्ही सांगा. नुसत्या हॉर्मोनच्या गोळ्यांनी रक्तस्राव येतो, मूळ कमतरता तशीच राहते. नडगीवर वीतभर लांबीत दुखत असेल तर विश्रांती आणि सराव कमी करून बहुधा भागतं. बोटाएवढ्या एकाच जागी दुखत असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल, रात्री ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी थांबवा. हाडाला तडा असला तरी पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसेलच असं नाही, एमआरआय लागू शकतो.

कपड्यांचा त्रास मात्र खरा आहे, आणि त्यावर उपाय सोपा आहे. पँट मांडी आणि नितंबाच्या मापाने घ्या, कंबर शिंप्याकडून आत घ्या. उलटं करता येत नाही. थोडा ताणणारा कपडा निवडा. शिवून घेत असाल तर आसनाला जादा कापडाचा तुकडा लावून घ्या, बसताना शिवण उसवत नाही. मांड्या घासून कातडी सोलत असेल तर सरावाआधी पेट्रोलियम जेली आणि मांडी झाकणारी सपाट शिवणीची शॉर्ट. घामाचे कपडे लगेच बदला. कडा उठलेला, खाजणारा गोल चट्टा म्हणजे नायटा. त्याला मेडिकलमधून विचारून आणलेलं स्टेरॉइडचं मिश्र मलम लावू नका. चार दिवस बरं वाटतं, मग तो पसरतो आणि हटत नाही.

तालमीतला पोरगा मांडीवर शड्डू ठोकतो तेव्हा सगळा गाव कौतुकाने बघतो. 2023 मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने किताब जिंकला. ही कुस्तीही त्याच मांडीच्या जोरावर होते. तरीही घरी आलेल्या मुलीला मावशी म्हणते, "किती गं भरलीस, स्थळं बघायची आहेत." आयांनो, हे एक वाक्य मुलगी वर्षानुवर्षं विसरत नाही. कोचनेही सगळ्यांसमोर वजन करणं, "जाडे" म्हणून हाक मारणं बंद करावं. वजनगटाचा खेळ असेल तर एकटीला बोलवून, कारण सांगून वजन घ्यावं. बोलायचंच असेल तर कामाबद्दल बोला: आज सुरुवात चांगली झाली, उडी वाढली, पकडीतून सुटलीस. काटकुळ्या पायांवर चिडवलेल्या मुलांनाही हेच लागू आहे, भर उन्हात ट्रॅकपँट घालून पळणारे ते हेच.

मुलगी जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जात असेल, जुलाबाच्या गोळ्या सापडल्या, सुट्टीच्या दिवशी चोरून पळत असेल, सगळ्यांबरोबर जेवायचं टाळत असेल, तर तिथे आहाराचा तक्ता देऊन भागणार नाही. रागावू नका, ताटावर पहारा बसवू नका. आधी फॅमिली डॉक्टरकडे नेऊन वजन, नाडी, हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि रक्तातले क्षार तपासून घ्या. मग मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांची एकत्र मदत घ्या, आणि ते हो म्हणेपर्यंत स्पर्धेचा अर्ज भरू नका.