वालपराई: चहाच्या मळ्यांत परत उभं राहणारं जंगल

तमिळनाडूतल्या पोल्लाचीहून वालपराईला जाताना आळियार धरण मागे टाकलं की घाटाची 40 वळणं सुरू होतात. नवव्या वळणावर जरूर थांबा, कड्यावर निलगिरी तहर (रानबकऱ्यासारखा प्राणी) दिसू शकतात. वर पोचल्यावर सगळीकडे चहा, आणि अधूनमधून जंगलाचे तुकडे. इथलं सदाहरित रान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चहा-कॉफीसाठी तोडलं गेलं. उरलेल्या तुकड्यांत नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन ही निसर्गसंवर्धन संस्था गेली दोन दशकं, मळ्यांच्या कंपन्यांना सोबत घेऊन, जंगल परत उभं करतंय. परिसंस्था पुनरुज्जीवनाच्या अभ्यासात नव्याने पडलेल्या माझ्यासारख्यांनी हे पाहायलाच हवं.

आधी रोपवाटिका बघा. इथल्या बऱ्याच झाडांच्या बिया वाळवून साठवता येत नाहीत. ओल गेली की बी मेलंच. म्हणून गोळा केलं की लगेच पेरायचं. बिया शक्यतो रस्त्याकडेच्या वेचायच्या. डांबरावर पडलेल्या तशाही वाया जातात, आणि रानातल्या प्राण्यांच्या तोंडचा घास जात नाही. रोपं पिशवीत फार काळ राहिली तर मुळं गोल फिरतात आणि लावल्यावर झाड खुरटतं.

लागवड जून-जुलैत, पाऊस लागला की. पण खरी मेहनत त्याआधीची. आधी परदेशी तण काढायचं. घाणेरी नुसती वरून छाटली तर बुंध्यातून पुन्हा फुटते, ती मुळासकट काढावी लागते. सरसकट कोयता चालवायचा नाही, कारण खाली आपोआप रुजलेली देशी रोपं असतात. मिकानियाचा वेल तर पुढची काही वर्षं रोपांवरून सोडवत राहावा लागतो. रोपं जगत नाहीत ती बहुतेकदा चुकीच्या जागेमुळे: कुलेनियासारखं सावलीतलं झाड उघड्यावर लावलं की करपतं. उघड्यावर चांदाड्यासारखी झपाट्याने वाढणारी झाडं आधी लावावीत. जुनी परदेशी झाडंही सावलीपुरती ठेवलेली बरी, फक्त देशीच झाडं हवीत असा शुद्धतेचा हट्ट नको.

कुलेनियाचं फळ हातात घेऊन बघा: गोल, बाहेरून काटेच काटे, थेट फांदीला चिकटलेलं. सिंहपुच्छ माकडं ते फोडून बिया खातात. धूपाच्या झाडाची फळं मात्र महाधनेश हा मोठा पक्षी गिळतो आणि बी दूर नेऊन टाकतो. मोठ्या जंगलापासून तुटलेल्या तुकड्यात धनेशाची फेरी कमी, म्हणून तिथे हाताने लावण्याला पर्याय नाही.

पावसात गेलात तर जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे जाड सुती मोजे न्या. रात्री घाटातून खाली उतरू नका. रस्त्यावर हत्ती असतात.