मावशींना मृदंग वाजवायचा आहे

माउलींच्या सोहळ्यात रथापुढे 27 दिंड्या असतात आणि मागे कितीतरी. आमची मागची. दिवे घाट चढून सासवडला आलो की दोन मुक्काम. घाटाच्या दिवशी बहुतेक एकादशीच येते, त्यामुळे दुसऱ्या सकाळी राहुटीमागे बारस सोडायची घाई. तिथे मी मावशींशेजारी कणीक मळायला बसले.

मळता मळता त्यांनी एक गोळा बाजूला काढला, पाण्याचा हात लावून पुन्हा मऊ केला आणि ओल्या फडक्यात गुंडाळला. मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावायचा. सैल झाला तर ओघळतो, घट्ट झाला तर घुमत नाही, वाऱ्याने वाळला तर तडकतो. आमचे मृदंगमणी ही कणीक दुसऱ्या कुणाच्या हातची घेत नाहीत.

मावशी गंगाखेडकडच्या, जनाबाईंच्या मुलखातल्या. वडील भजनात मृदंग वाजवायचे. त्यांनी शिकवलं भावाला. मावशी चुलीपाशी बसून ऐकायच्या. भावाने वर्षभरात सोडून दिलं, यांना सगळं पाठ झालं. पीठाच्या डब्याच्या झाकणावर त्यांनी बोटं टेकवली आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं, ‘तिट कत गदी गन.’ बोटांना कणीक चिकटलेली, पण लय जराही हलली नाही.

वारीत लहानथोर एकमेकांना माउली म्हणतात, पाया पडतात. ते मला मनापासून आवडतं. पण बायकांच्या डोक्यावर तुळस नाहीतर हंडा, आणि मृदंग पुरुषांच्या गळ्यात, हेही रोज डोळ्यांसमोर होतं. आता मुली कीर्तनाला उभ्या राहतात, काही जणी मृदंगही शिकतात. आमच्या दिंडीत अजून कुणी नाही. ‘देवाच्या दारी सगळी सेवा सारखीच’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो. सेवा सारखी असेल, पण मावशींना कोणती हवी हे कुणी विचारलंच नाही.

एक काकू मायेने म्हणाल्या, ‘नातीला शिकवा की!’ मावशींचे हात थांबले. ‘नातीचं नात बघल. मला वाजवायचंय.’

तरडगावच्या मुक्कामी त्यांनी स्वतःच मृदंगमण्यांना विचारलं. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि मृदंग पुढे सरकवला. डावा हात पहिल्या थापेपासून बरोबर पडला. उजव्या हाताची बोटं मागे राहायला लागली. बोल डोक्यात पुढे निघून जायचे, हाताला गाठता यायचे नाहीत. मावशींनी वाजवणं थांबवून बोटं चोळली. ‘हात बसायला लई दिस लागतेत,’ म्हणाल्या. पन्नाशी उलटलेल्या बाईने हे म्हणावं, याचं मला फार वाईट वाटलं. ते दिवस तिचेच होते, दुसरीकडे खर्ची पडले.

त्यानंतर जेवणं उरकली की त्या मृदंगमण्यांसमोर बसायच्या. भांडी आम्ही वाटून घेतली. वाखरीपर्यंत ‘तिट कत’ स्वच्छ वाजायला लागलं, ‘गदी गन’ अजून अडखळत होतं.

पंढरपुरात कळसाचं दर्शन घेतल्यावर त्या मला वाद्यांच्या दुकानात घेऊन गेल्या. एक मृदंग खाली काढायला लावला, दोन्ही तोंडांवरून हात फिरवला, वाद्या ओढून पाहिल्या, किंमत विचारली. तेवढे पैसे नव्हते. ‘कापूस विकला की येते,’ त्यांनी दुकानदाराला सांगितलं आणि त्याचा फोन नंबर माझ्याकडून कागदावर लिहून घेतला.